टोमॅटोचा करपा आणि बीईचा प्रोजेक्ट: समाजोपयोगी एआय, पायरी पायरीने

दरवर्षी जुलैत बीईच्या गटांचे सिनॉप्सिस येऊ लागतात आणि त्यात एक विषय हमखास असतो: पानाचा फोटो काढा, रोग ओळखा. टोमॅटो, कापूस, द्राक्ष, डाळिंब. पीक बदलतं, बाकी सगळं तेच. डेटासेट (रोगाची नावं लावलेला फोटोंचा संच) तयार मिळतो, मॉडेल तयार मिळतं आणि दुसऱ्या रिव्ह्यूपर्यंत स्लाइडवर ९८-९९ टक्के अचूकता झळकायला लागते. अहवालाच्या शेवटी ‘सामाजिक उपयोग व नैतिक बाजू’ या नावाचं दीड पान असतं. ते चॅटबॉटने लिहिलंय हे एक्स्टर्नल परीक्षकाला पहिल्या परिच्छेदातच कळतं.

विषयात खोट नाही. शेतकऱ्याच्या खरोखर उपयोगी पडेल असा तो विषय आहे, म्हणून या लेखात तोच उदाहरणाला घेतोय. खोट क्रमात आहे. आपल्या मॉडेलचं उत्तर चुकलं तर भुर्दंड कोणाला बसेल, हा प्रश्न मार्चमध्ये विचारून उपयोग नसतो. तो जुलैत विचारला तर फोटो कुठे काढायचे, वर्ग (मॉडेलने देण्याची ठरलेली उत्तरं) किती ठेवायचे, स्क्रीनवर काय लिहायचं आणि मॉडेलने कुठे गप्प बसायचं, हे सगळं त्यावरून ठरतं. खालच्या पायऱ्या त्या हिशेबाने लावल्या आहेत. तुमचा विषय शेतीचा नसला तरी क्रम बदलू नका.

पायरी १: विषय सोडा, निर्णय शोधा

‘टोमॅटोवरील रोगांचे वर्गीकरण’ हा विषय झाला. त्यातून कोणाचा कोणता निर्णय सोपा होणार, ते त्यात कुठेच नाही. नारायणगाव-जुन्नरकडच्या एखाद्या टोमॅटो उत्पादकाशी अर्धा तास बोला, मग निर्णय दिसतो. पानावर डाग दिसले की तो पान खुडून कृषी सेवा केंद्रात नेतो, दुकानदार बघतो आणि औषध देतो. शेतकऱ्याचा प्रश्न साधा असतो: आज फवारू, की दोन दिवस थांबू? आणि फवारायचंच, तर कशासाठी?

हा प्रश्न हातात आला की प्रकल्प आपोआप लहान होतो, आणि लहान होणं चांगलंच. दहा रोगांऐवजी चार उत्तरं पुरतात: लवकर येणारा करपा (अर्ली ब्लाइट), उशिरा येणारा करपा (लेट ब्लाइट), निरोगी, आणि ‘सांगता येत नाही’. दोन्ही करपे वेगळे ओळखण्याला अर्थ आहे. लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांवर वलयांचे डाग पाडत हळूहळू वर चढतो. उशिरा येणारा थंड, दमट, ढगाळ हवेत काही दिवसांत अख्खा प्लॉट बसवू शकतो. दोघांवरची औषधं आणि घाई, दोन्ही वेगळी. चौथं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्याकडे पुढे येतोच.

याच पायरीवर आणखी एक विचारा: यासाठी एआय लागतं का? दोन करप्यांची चांगली छायाचित्रं असलेलं एक मराठी पोस्टर सेवा केंद्राच्या भिंतीवर लावून तेवढाच फायदा होणार असेल, तर पोस्टर लावा आणि दुसरा विषय घ्या. मशीन कुठे खरंच कामाला येतं, याचं एक उदाहरण कापसातलं आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावतात आणि सलग ३ रात्री, दर रात्री प्रति सापळा ८ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. पतंग मोजणं हे कंटाळवाणं, पण ठरलेल्या नियमाचं काम. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने सापळ्यातल्या पतंगांच्या फोटोवरून ही मोजणी करणारं ‘कॉटनएस’ ॲप केलं. आकडा मशीनने काढायचा, पातळीचा नियम कृषिशास्त्राचा. कामाची अशी वाटणी तुमच्या विषयात करता येते का, ते बघा.

आधी काय अस्तित्वात आहे तेही शोधा. महाराष्ट्रात कीड-रोग सर्वेक्षणाचा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प २००९ पासून चालू आहे. केंद्राने २०२४ मध्ये राष्ट्रीय कीड निगराणी प्रणाली सुरू केली, २०२५ मध्ये राज्याने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं. हे न वाचता ‘शेतकऱ्यांसाठी अशी कोणतीही सोय उपलब्ध नाही’ असं वाक्य प्रस्तावनेत लिहिणारे गट दरवर्षी भेटतात.

पायरी २: चार जणांचा गट आणि हंगाम

एक जण कोड लिहितो, दुसरा पीपीटी करतो, उरलेले दोघे व्हायवाच्या आदल्या रात्री कोड समजून घेतात. हा पॅटर्न मोडायचा असेल तर कामं पहिल्याच आठवड्यात अशी वाटा. एकाकडे माणसं: शेतकरी, कृषी विज्ञान केंद्र, परवानग्या. दुसऱ्याकडे डेटा: फोटो, लेबलं, नोंदवही. तिसऱ्याकडे मॉडेल आणि ॲप. चौथा गटातला विरोधी पक्ष. मॉडेल कुठे आपटतं ते शोधणं, एवढंच त्याचं काम. परीक्षेचे फोटो, म्हणजे टेस्ट सेट, फक्त त्याच्याकडे राहतात आणि मॉडेल करणाऱ्याला ते शेवटपर्यंत दिसत नाहीत. कॉलेजात ही भूमिका कोणालाच नको असते, कारण मित्राचे आकडे खाली आणणं जिवावर येतं. गाइडने नाव घेऊन ती द्यावी.

शक्य असेल तर कृषी महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी गटात घ्या. विद्यापीठाच्या नियमात बसत नसेल तर सल्लागार म्हणून घ्या आणि अहवालात त्याचं नाव ठळक लिहा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांपैकी एखादं तुमच्यापासून फार लांब नसणार.

आता हंगाम. सातव्या सेमिस्टरचं कॅलेंडर आणि टोमॅटोचं कॅलेंडर यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि पानं सेमिस्टरसाठी थांबत नाहीत. ‘आधी लिटरेचर सर्व्हे, दिवाळीनंतर डेटा’ हा नेहमीचा क्रम इथे घातक ठरतो. पावसाळी ढगाळ दिवस निघून गेले की करप्याचे फोटो मिळणं अवघड होतं, मग गट इंटरनेटवरच्या फोटोंकडे वळतो आणि प्रकल्प तिथेच संपतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेतात जा. सर्व्हे बसमध्ये वाचता येतो.

पायरी ३: चुकीचा हिशेब कागदावर मांडा

हे काम एका संध्याकाळचं आहे, पण घाईने करू नका. मॉडेल किती प्रकारे चुकू शकतं ते लिहा आणि प्रत्येक चुकीपुढे तीन गोष्टी मांडा: पैसे कोणाचे जातील, आरोग्य कोणाचं बिघडेल, आणि चूक लक्षात यायला किती वेळ लागेल.

उशिरा येणारा करपा असताना मॉडेल ‘निरोगी’ म्हणालं, तर प्लॉट जाऊ शकतो. पैसे शेतकऱ्याचे, आणि चूक कळेपर्यंत उशीर झालेला. निरोगी पानाला करपा म्हटलं, तर एक फवारणी वाया. बहुतेक गट इथे ‘किरकोळ नुकसान’ लिहून पुढे जातात, आणि इथेच थांबायला हवं. वाया गेलेली फवारणी करतं कोण? पुष्कळदा रोजंदारीवरचा मजूर, आणि त्याच्या अंगात संरक्षक कपडे असतीलच असं नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ते औषध वेगळं, पीक वेगळं, आणि त्यात एआयचा काही संबंध नव्हता. पण अनावश्यक फवारणीला ‘किरकोळ’ म्हणण्याआधी हे माहीत असावं. ज्याच्या हातात मोबाइल नाही, ज्याने ॲप डाउनलोड केलेलं नाही, अशा माणसाच्या फुप्फुसावर तुमच्या चुकीचा भार पडू शकतो. खाणारेही आहेत: तोड्याच्या तोंडावर विनाकारण फवारलं आणि प्रतीक्षा कालावधी (फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं अंतर) पाळला नाही, तर औषधाचे अंश बाजारात जातात.

हा तक्ता झाला की दोन निर्णय लगेच घेता येतात. पहिला: ॲप औषधाचं नाव आणि मात्रा सांगणार नाही. कोणत्या पिकावरच्या कोणत्या रोगासाठी कोणतं औषध नोंदणीकृत आहे हे कीटकनाशक कायदा, १९६८ खालच्या नोंदणीत ठरतं, ती यादी बदलत असते, आणि चार विद्यार्थ्यांनी त्याची जबाबदारी घेणं शहाणपणाचं नाही. हल्ली ॲपमध्ये एखादा चॅटबॉट जोडून ‘उपाय सुचवा’ असं बटण देण्याची टूम आहे. ते बटण काढा. दुसरा निर्णय: कोणती चूक किती महाग, यावरून मॉडेलचा उंबरठा, म्हणजे किती शंका आली की इशारा द्यायचा, ते ठरवायचं. उशिरा येणाऱ्या करप्याची थोडीशी शंका आली तरी ॲपने ‘आजच दाखवा’ म्हणावं. ‘दाखवा’ म्हटल्याने फार तर कोणाचा तरी तास जातो.

पायरी ४: परवानगी

‘पानांचेच तर फोटो, त्यात कसली परवानगी?’ हा प्रश्न प्रत्येक गट विचारतो. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश बसलेले असतात. त्याला शेतकऱ्याचं नाव आणि फोन नंबर जोडला की कोणाच्या प्लॉटवर रोग आहे याची यादी तयार झाली. ती व्यापाऱ्याच्या हाती पडली तर भाव पाडायला पुरते. फोन नंबर आणि नाव ही डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार वैयक्तिक माहिती आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संशोधनासाठी कायद्यात काही सवलती आहेत, पण त्यांना अटी आहेत. ‘कॉलेजचं काम आहे’ एवढं सांगून सुटका होत नाही. शिवाय १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. शाळेतल्या मुलांवर प्रकल्प करणाऱ्या गटांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

संमतीपत्र इंग्रजीतून भाषांतर करू नका, मराठीतच लिहा आणि बांधावर वाचून दाखवा. असं काहीतरी:

‘आम्ही अमुक कॉलेजचे विद्यार्थी. टोमॅटोच्या पानांवरचा करपा मोबाइलला ओळखता येतो का, ते तपासतोय. तुमच्या प्लॉटमधल्या पानांचे फोटो काढू. तुमचा चेहरा, आधार, सातबारा यातलं काही घेणार नाही. गावाचं नाव लिहू, गट नंबर लिहिणार नाही. फोटो पुढे दुसऱ्या अभ्यासकांना द्यायचे की नाही, ते तुम्ही सांगा; नाही म्हणालात तरी चालेल. आमचा मोबाइल आज जे उत्तर देईल त्यावर औषध मारू नका, ते अजून तपासायचं आहे. पुढे मन बदललं तर या नंबरवर कळवा, तुमचे फोटो काढून टाकू.’

शेवटचं वाक्य पाळायचं तर कोणते फोटो कोणाचे हे शोधता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक शेताला एक कोड द्या, शे-०१, शे-०२ असे. नाव आणि नंबर कोडशी जोडणारी वही वेगळी, एकाच माणसाकडे, ड्राइव्हवर नाही. फोटो सर्व्हरवर चढवण्याआधी लोकेशन पुसून टाका.

पायरी ५: डेटा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि ती आपणच आपली करतो.

पानांच्या रोगांवरचा सगळ्यात प्रसिद्ध डेटासेट म्हणजे प्लांटव्हिलेज. त्यात ५४,३०६ फोटो, १४ पिकं, ३८ वर्ग. २०१६ मध्ये त्यावर प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मॉडेलने ९९.३५ टक्के अचूकता गाठली. तुमच्या सीनियर्सच्या अहवालांतला ९९ चा आकडा या घराण्यातला. पण त्याच निबंधात, त्याच लेखकांनी, दुसरा आकडाही दिला आहे: वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या, बाहेरून मिळवलेल्या फोटोंवर अचूकता घसरून ३१.४ टक्क्यांवर आली. पहिला आकडा सगळे उद्धृत करतात, दुसरा क्वचित कोणी.

कारण समजून घेण्यासारखं आहे. त्या डेटासेटमधली पानं तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून, एकेक करून फोटो काढलेले आहेत. एका रोगाचे फोटो बहुधा एकाच बैठकीत, एकाच उजेडात. २०२२ मध्ये एका अभ्यासकाने फोटोच्या कडेचे, पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं. पान दिसतच नाही, तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. ३८ वर्गांत आंधळेपणाने अंदाज मारला तर तीन टक्केसुद्धा येत नाहीत. म्हणजे मॉडेल रोगाच्या जोडीला टेबलही शिकत होतं.

म्हणून प्लांटव्हिलेज सरावाला घ्या, परीक्षेला नको. आयआयटी गांधीनगरच्या गटाने तयार केलेला ‘प्लांटडॉक’ खऱ्या परिस्थितीतल्या फोटोंचा आहे, पण त्यात २,५९८ च फोटो आणि तेही इंटरनेटवरून जमवलेले. परीक्षेचे फोटो तुम्हालाच काढायचे आहेत, आणि ते पहिले काढायचे आहेत. मॉडेलची एकही ओळ लिहिण्याआधी टेस्ट सेट तयार करून विरोधी पक्षाकडे कुलूपबंद ठेवा.

शेतात फोटो काढताना गंमत अशी होते की अभियांत्रिकीची मुलं सुंदर फोटो काढतात. पान सरळ धरतात, सावली टाळतात, दवाचा थेंब पुसतात. शेतकरी असं काहीच करणार नाही. त्याचा अंगठा फ्रेममध्ये येईल, मागे जमिनीवर अंथरलेला चंदेरी मल्चिंग पेपर चमकेल, पानावर औषधाचे पांढरे डाग असतील, कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ असेल. तेव्हा निदान अर्धे फोटो शेतकऱ्याला त्याच्या मोबाइलवरून काढायला सांगा आणि ‘नीट काढा’ असं म्हणू नका. सकाळचे काढा, टळटळीत दुपारचे काढा. फोटोमागे नोंदवहीत एवढं तरी हवं: शेत कोड, तारीख, वेळ, मोबाइलचं मॉडेल, टोमॅटोचं वाण, शेवटची फवारणी कधी, फोटो कोणी काढला.

लेबल कोण लावणार? तुम्ही नाही. कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ किंवा वनस्पती रोगशास्त्राचे प्राध्यापक, आणि एक नाही, दोन. दोघांनी एकमेकांची उत्तरं न बघता. मग त्यांचं किती जमतं ते मोजा. समजा, १०० फोटोंत ४० ना दोघांनी लवकर येणारा म्हटलं, ४२ ना दोघांनी उशिरा येणारा, आणि १८ वर मतभेद, दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ. सहमती ८२ टक्के दिसते. पण दोनच पर्याय असताना निव्वळ योगायोगानेही निम्म्या वेळा जमलंच असतं. तो योगायोग वजा करणारं कोहेनचं कप्पा हे माप काढलं तर ते ०.६४ येतं. बरं आहे, फार चांगलं नाही. माणसांचंच जिथे एवढं जमतं, तिथे मॉडेल ९९ टक्के ‘बरोबर’ आहे याचा अर्थ काय, हा प्रश्न स्वतःला विचारा. मतभेदाचे १८ फोटो फेकू नका. ‘सांगता येत नाही’ या वर्गाचा तो तुमच्याकडचा सगळ्यात मौल्यवान ऐवज आहे. आणि तज्ज्ञांच्या वेळेचं मानधन द्या, निदान विचारा तरी.

फोटो ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्ट (मॉडेल तपासायचे) यांत वाटताना शेतानुसार वाटा. एका शेतात ४० फोटो काढले आणि संगणकाने सरमिसळ करून ३२ ट्रेनिंगला, ८ टेस्टला टाकले, तर मॉडेलने त्या शेताची माती, तो उजेड, तो मोबाइल आधीच पाहिलेला असतो. पेपर फुटल्यातच जमा. शे-०१ ते शे-१२ ट्रेनिंगला, शे-१३ ते शे-१६ टेस्टला, एका शेतातला एकही फोटो पलीकडे नाही. या एका बदलाने तुमचा आकडा खाली येईल. येऊ दे.

पायरी ६: मॉडेल

यावर फार बोलण्यासारखं नाही. मोबाइलनेटसारखं हलकं, आधीच शिकलेलं मॉडेल घ्या, शेवटचे थर तुमच्या फोटोंवर शिकवा, मोबाइलवरच चालेल अशा स्वरूपात आणा, कारण प्लॉटमध्ये रेंज असेलच असं नाही. फोटो सर्व्हरवर गेलाच नाही तर खासगीपणाचा निम्मा प्रश्नही सुटतो. मोफत मिळणाऱ्या ऑनलाइन नोटबुकवर (ब्राउझरमध्ये कोड चालवायची सोय) हे सगळं होतं. नवीन आर्किटेक्चर शोधून काढण्याच्या मागे लागू नका. तो वेळ शेतात घालवा.

पायरी ७: मॉडेल फोडून बघा

आता विरोधी पक्षाचा महिना. एकच अचूकतेचा आकडा काढून थांबू नका. प्रत्येक रोगासाठी वेगळा आकडा, मग प्रत्येक मोबाइलसाठी, प्रत्येक शेतासाठी, सकाळ-दुपारसाठी, आणि शेतकऱ्याने काढलेले विरुद्ध तुम्ही काढलेले. सरासरी काय लपवते ते चेहरा ओळखण्याच्या क्षेत्रात २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी दाखवून दिलं. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणालींची चूक गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के होती आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत वर. फोडून पाहिल्याशिवाय ते दिसलंच नसतं. तुमच्याकडे हाच भेद महागड्या आणि स्वस्त मोबाइलमध्ये निघू शकतो.

दुसरं, साधं गणित. मॉडेल रोगी पान ९० टक्के वेळा ओळखतं आणि निरोगी पान ९० टक्के वेळा सोडून देतं, असं धरा. प्लॉटमध्ये २०० झाडं, त्यातली २० रोगी. मॉडेल १८ रोगी झाडं पकडेल. उरलेल्या १८० निरोगी झाडांपैकीही १८ वर बोट ठेवेल. म्हणजे ३६ इशाऱ्यांतले निम्मे खोटे. ‘९० टक्के अचूक’ ऐकून शेतकऱ्याच्या डोक्यात जे येतं, ते हे नव्हे. अहवालात हे गणित तुमच्या खऱ्या आकड्यांसह घाला. व्हायवाला याच पानावर चर्चा होते.

तिसरं, मॉडेलला भलतंच दाखवा. वांग्याचं पान, मल्चिंगचा तुकडा, पायातली चप्पल. चप्पल बघून ते ‘उशिरा येणारा करपा, ९४ टक्के’ म्हणालं तर नवल वाटून घेऊ नका. दिलेल्या पर्यायांतला एक निवडायलाच तुम्ही त्याला शिकवलंय. तो टक्का म्हणजे खात्री नव्हे. त्यासाठीच चौथं उत्तर. किती फोटोंना ‘सांगता येत नाही’ म्हटलं की उरलेल्यांवरची चूक किती कमी होते, याचा आलेख काढा आणि उंबरठा पायरी ३ च्या तक्त्यावरून ठरवा.

भाषेवर काम करणाऱ्या गटांसाठी इथे जाता जाता. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या उपक्रमात पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी मराठीसाठी भावना, द्वेषपूर्ण मजकूर आणि नामओळख (मजकुरातली व्यक्ती, ठिकाणं यांची नावं ओळखणं) यांचे डेटासेट तयार करून खुले केले. विद्यार्थी गटाच्या हातून टिकाऊ काम होऊ शकतं याचा तो चांगला पुरावा. त्यावर काही बांधत असाल तर वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचा मजकूर वेगळा काढून तपासा. प्रमाण मराठीतलं सभ्य वाक्य आणि बोलीतलं सभ्य वाक्य मॉडेलला सारखंच सभ्य वाटतं का, हा एक प्रश्न वर्षभराच्या प्रकल्पाला पुरतो.

पायरी ८: स्क्रीनवरचं मराठी

‘अर्ली ब्लाइट आढळला. विश्वासार्हता ९७.३%.’ असं लिहू नका. त्यापेक्षा: ‘लवकर येणाऱ्या करप्यासारखं दिसतंय. खालच्या जुन्या पानांवर गोल वलयांचे डाग आहेत का, बघा. नसतील तर या उत्तरावर विसंबू नका, आजच कृषी सहाय्यकांना दाखवा.’ यात माणसाला स्वतः पडताळायला काहीतरी दिलंय, आणि ॲप चुकलं तर ते तिथेच उघडं पडतं. ‘सांगता येत नाही’ आलं तर पुढे काय, तेही तिथेच हवं: किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा टोल फ्री नंबर आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा पत्ता.

मजकूर दोन-चार जणांना मोठ्याने वाचायला लावा. त्यात खुरपणी-बांधणी करणाऱ्या बायका असू द्यात. डाग सगळ्यात आधी त्यांना दिसतात, मोबाइल मात्र बहुधा दुसऱ्याच्या खिशात असतो. हे समजल्यावर एका बटणाने मोठ्याने बोलणारं उत्तर द्यावंसं वाटेल. द्या.

पायरी ९: मूक चाचणी

ॲप शेतात न्या, पण पहिले काही आठवडे त्याचं उत्तर शेतकऱ्याला दाखवू नका. तुम्ही फोटो काढा, उत्तर साठवा, तज्ज्ञांचं उत्तर वेगळं घ्या, नंतर दोन्ही जुळवा. सुरू करण्याआधी थांबण्याची अट लिहून गाइडची सही घ्या. उदाहरणार्थ, उशिरा येणाऱ्या करप्याचे दहातले दोन फोटो जरी ‘निरोगी’ ठरले तरी उत्तर दाखवण्याचा टप्पा रद्द. अट आधी लिहिलेली असली की प्रात्यक्षिकाच्या मोहात ती वाकवता येत नाही. टप्पा रद्द झाला तर प्रकल्प नापास होत नाही. का रद्द केला याचं पुराव्यानिशी लिहिलेलं प्रकरण कोणताही समंजस परीक्षक ९९ टक्क्यांच्या वर ठेवेल. न ठेवणारेही भेटतात. त्यांच्यासाठी कन्फ्युजन मॅट्रिक्स (खरं उत्तर काय आणि मॉडेल काय म्हणालं याचा तक्ता) रंगीत छापा.

पायरी १०: जूननंतर

अहवालासोबत दोन सुटी पानं जोडा. एक डेटाचं: फोटो कुठून, कधी, कोणाच्या संमतीने, कोणत्या वाणांचे, काय राहून गेलं. दुसरं मॉडेलचं: कशासाठी आहे, कशासाठी नाही, कोणत्या गटात किती चुकतं. ‘फक्त एका तालुक्यातल्या, एका हंगामातल्या फोटोंवर तपासलं’ हे वाक्य त्यात पहिलं असू द्या, तळटीपेत नको. गिटहबवर कोड टाकणार असाल तर ही पानं त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

ज्यांच्या शेतात गेलात त्यांना एका पानाचं मराठी टिपण द्या: काय सापडलं, ॲप कुठे चुकलं, पुढे मिळणार आहे की नाही. हे बहुतेक गट करत नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या गटाला बांधावरूनच परत पाठवलं जातं त्यामागे हेही एक कारण असतं.

मग प्ले स्टोअरचा प्रश्न. नोकरी लागल्यावर ॲप कोण सांभाळणार? नवीन वाण आलं, मॉडेल चुकायला लागलं, तर फोन कोण उचलणार? कृषी विज्ञान केंद्र किंवा कॉलेजचा पुढचा गट लेखी स्वीकारत असेल तर कोड, डेटा आणि दोन्ही पानं त्यांच्याकडे सोपवा. कोणीच स्वीकारत नसेल तर ॲप काढून टाका, सर्व्हर बंद करा. नाव-नंबरांच्या वहीचं काय करायचं आणि कोणत्या तारखेला, ते गाइडच्या सहीनिशी प्रकल्प बंद करण्याच्या कागदावर लिहा. संमती देताना शेतकऱ्याला जो नंबर दिला होता, तो त्या तारखेपर्यंत चालू ठेवायचा आहे.